विचारा तर खरं : पेशी दोन होण्याआधी कशासाठी थांबते?

गेल्या अंकात जखम कशी भरते त्यावर लिहिताना मी "कडेच्या पेशी दोनाच्या चार होतात आणि जागा भरतात" असं एका ओळीत उरकून पुढे गेले होते, आणि ह्या महिन्यात सगळ्यात जास्त पत्रं आली ती नेमकी त्याच एका ओळीवर. त्यातली पाच इथे घेतलीत. एकदोन पत्रं वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते, त्यामुळे त्यांची उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : ताई, माझी मुलगी दहावीला आहे. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था असं दिवसभर घोकत असते. मी विचारलं अगं पण पेशीला एवढा खटाटोप कशाला, मधोमध तुटली की झालं, तर तिला सांगता आलं नाही आणि मलाही येत नाही. सोपं करून सांगाल का? (एक आई, बारामती)

उत्तर : तुम्ही विचारलंय ना, तोच खरा प्रश्न आहे. पेशी मधोमध तुटणं हे ह्यातलं सोपं काम, ते अगदी शेवटी होतं. अवघड आहे ती वाटणी.

तुमच्या-माझ्या एकेका पेशीत साधारण दोन मीटर डीएनए असतो, म्हणजे दाराच्या उंचीएवढा, आणि तो ज्या केंद्रकात मावतो ते आपल्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढं. हा डीएनए एकसलग नाही, त्याचे ४६ तुकडे आहेत, तीच गुणसूत्रं. एरवी ती केंद्रकात मोकळी पसरलेली असतात कारण पेशीला त्यातलं काही ना काही सतत वाचायचं असतं, मायक्रोस्कोपखाली बघितलं तर वेगवेगळी ओळखू येत नाहीत, नुसता दाणेदार गोळा दिसतो. विभाजनाच्या आधी ह्या सगळ्याची कॉपी निघते, जवळजवळ ६०० कोटी अक्षरं, आणि माणसाच्या पेशीला त्याला सात-आठ तास लागतात. आता झाला चार मीटर दोरा, त्या एवढ्याशा जागेत, आणि त्यातल्या प्रत्येक तुकड्याची एक-एक प्रत दोन्ही नव्या पेशींना मिळालीच पाहिजे. एकीला ४७ आणि दुसरीला ४५ गेली तर त्या पेशी बहुतेक वेळा मरतात, नाहीतर बिघडलेल्या जगतात.

घरात लोकरीचा गुंता झाला असेल तर तुम्ही काय करता, आधी प्रत्येक रंगाचा वेगळा गुंडा करता आणि मगच वाटता ना. पूर्वावस्था म्हणजे तेच, दोरा गुंडाळून गुंडाळून आखूड जाड करायचा. म्हणूनच ह्या वेळी गुणसूत्रं पहिल्यांदा वेगवेगळी दिसायला लागतात आणि प्रत्येक गुणसूत्र जोडीत दिसतं, मूळ आणि त्याची कॉपी. ह्या दोघींना एकत्र धरून ठेवणारं एक प्रोटीन आहे, कोहेसिन, त्याचा आकार बांगडीसारखा आहे आणि दोन्ही धागे त्या बांगड्यांमधून ओवलेले असतात असं समजा.

मग पेशीच्या दोन टोकांकडून बारीक तंतू निघतात. त्या सगळ्या रचनेला पुस्तकात तर्कू म्हणतात, तर्कू म्हणजे चरख्याची चाती, सूत भरलेली चाती मधे फुगीर आणि दोन्हीकडे निमुळती दिसते ना, तसाच आकार. हे तंतू चाचपडत चाचपडत गुणसूत्रं पकडतात, आणि इथे चुका खूप होतात, कधी दोन्ही प्रती एकाच टोकाच्या तंतूंनी पकडल्या जातात. मग पेशीला कळतं कसं की पकड चुकली? ताणावरून. रस्सीखेचीत दोन्हीकडून ओढणारे असतील तरच दोर ताठ होतो, एकाच बाजूने ओढलं तर दोर नुसता सरकत जातो. जिथे ताण नाही तिथली पकड सोडवली जाते आणि पुन्हा प्रयत्न, असं चालू राहतं. आणि जोपर्यंत एक जरी गुणसूत्र नीट पकडलं गेलेलं नाही तोपर्यंत त्याच्याकडून "थांबा" असा रासायनिक इशारा निघत राहतो आणि सगळी पेशी थांबते. ४५ तयार आहेत म्हणून एकाला मागे टाकून निघाली असं निरोगी पेशी करत नाही. मध्यावस्थेत सगळी गुणसूत्रं मधल्या रेषेवर आलेली दिसतात ती ह्याच थांबण्याची वेळ. मला विचाराल तर अख्ख्या धड्यात ही जागा सगळ्यात सुंदर आहे आणि नेमकी तीच आपण "गुणसूत्रे मध्यावर येतात" एवढ्यावर सोडून देतो.

शेवटचं गुणसूत्र नीट धरलं गेलं की इशारा बंद, मग एक एन्झाइम सगळ्या बांगड्या एकदम कापतं आणि दोन्ही प्रती दोन टोकांकडे ओढल्या जातात, ही पश्चावस्था. अंत्यावस्थेत दोरा परत सैल होतो, भोवती केंद्रकावरण येतं. आणि आता कुठे ती तुटायची पाळी. प्राण्यांच्या पेशीत कमरेभोवती एक पट्टा आवळत जातो, तो ॲक्टिन आणि मायोसिनचा असतो, आपले स्नायू ज्याने आखडतात तीच प्रोटीनं. झाडाच्या पेशीला बाहेर कडक भिंत असल्यामुळे आवळता येत नाही, ती मधोमध नवीन भिंत बांधायला घेते आणि कडेपर्यंत नेते. माणसाची पेशी एका विभाजनापासून दुसऱ्यापर्यंत साधारण २४ तास घेते असं धरलं तर हे चार अवस्थांचं नाट्य जेमतेम तासाभराचं, बाकी सगळी तयारी.

हे सगळ्यात आधी क्रमाने लावून दाखवलं जर्मनीत कील शहरात काम करणाऱ्या वाल्थर फ्लेमिंग यांनी, १८८२ च्या पुस्तकात. सॅलॅमँडर नावाच्या प्राण्याच्या पिल्लांच्या पेशी त्यांनी घेतल्या कारण त्या मोठ्या असतात, आणि तेव्हा नवीनच आलेले कृत्रिम रंग वापरले. त्यांनी शब्द बनवला मायटोसिस, ग्रीकमधल्या धागा ह्या शब्दावरून. आपल्याकडे सूत्री विभाजन म्हणतात, सूत्र म्हणजे धागाच. मुलीला घोकण्याऐवजी दोन रंगांची लोकर आणि चार बांगड्या देऊन बसवा, एकदा हाताने वाटणी केली की परीक्षेत आकृती आपोआप येईल.

प्रश्न : मॅडम, एफवायला आहे. कांद्याच्या मुळाची स्लाइड तीनदा केली, तिन्ही वेळा सगळ्या पेशी सारख्याच, एकही स्टेज नाही. सबमिशन आलंय. काय चुकतंय? (विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : पंचवीस वर्षं मी हे प्रॅक्टिकल घेतलं, बहुतेकांचं चुकतं ते मूळ कापताना. विभाजन होतं फक्त टोकाच्या एकदोन मिलिमीटरमध्ये, त्याच्या वर पेशी नुसत्या लांब होतात. फिक्स केलेलं मूळ स्लाइडवर घेतल्यावर रंगात जास्त गडद दिसणारं टोक तेवढं ठेव आणि बाकीचं ब्लेडने कापून टाकून दे, मन घट्ट करून टाकून दे, कारण तेच मधे येतं.

कांदा जुना घे, खालची वाळलेली मुळं खरवडून काढ आणि बूड पाण्याला जेमतेम टेकेल असा ग्लासवर ठेव. तीन ते सहा दिवसांत मुळं येतात, पाणी रोज बदल नाहीतर कुजतात. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान काप आणि लगेच फिक्सेटिव्हमध्ये टाक, एक भाग ॲसेटिक ॲसिड तीन भाग अल्कोहोल, २४ तास. कापून तासभर तसंच ठेवलंस तर काही उपयोग नाही, पेशी ज्या क्षणी जिथे आहे तिथेच तिला गोठवायचंय. मग सौम्य एचसीएल, ॲसिटोकार्मिन, स्पिरिट लॅम्पवरून हलकेच फिरव पण उकळू देऊ नको. कव्हरस्लिप ठेवून वर ब्लॉटिंग पेपर आणि अंगठ्याने सरळ खाली दाब, बाजूला सरकवू नको, सरकवलं की पेशी गुंडाळल्या जातात.

आणि एक लक्षात घे की चांगल्या स्लाइडमध्येसुद्धा बहुतांश पेशी इंटरफेजमध्येच (म्हणजे दोन विभाजनांमधल्या अवस्थेत) असणार, चुकलं म्हणून नाही तर पेशीचा बहुतेक वेळ तयारीतच जातो म्हणून. लो पॉवरवर चौकोनी, गच्च भरलेल्या लहान पेशींचा भाग आधी शोध, मग हाय पॉवर. एखादी मेटाफेज (मध्यावस्था) नीट पसरलेली मिळाली तर मोजून बघ, कांद्याची १६ गुणसूत्रं आहेत आणि चांगली मोठी आहेत, मोजता येतात.

प्रश्न : आमच्या बिल्डिंगमधल्या एका सहा वर्षांच्या मुलीला ब्लड कॅन्सर झालाय, तिला व्हिन्क्रिस्टिन नावाचं इंजेक्शन चालू आहे. तिचे बाबा म्हणाले हे सदाफुलीपासून येतं. माझे सासरे शुगरसाठी रोज सकाळी सदाफुलीची पानं चावून खातात. हे तेच झाड का? आणि केस का जातात? (वाचक, सोलापूर)

उत्तर : हो, तेच झाड. कुंडीतली गुलाबी-पांढरी सदाफुली, मूळची मादागास्करची.

आणि तुमच्या पत्रात ह्या दोन गोष्टी शेजारी-शेजारी आल्यात, कॅन्सर आणि शुगर, तशाच त्या खऱ्या इतिहासातही आल्या. १९५२ मध्ये जमैकाहून कॅनडात क्लार्क नोबल नावाच्या डॉक्टरांकडे सदाफुलीची पानं आली, तिकडे मधुमेहाला त्याचा चहा पितात म्हणून. हे क्लार्क नोबल म्हणजे इन्शुलिनच्या शोधाच्या वेळी बँटिंग यांचा मदतनीस कोण होणार हे ठरवायला नाणं उडवलं गेलं आणि त्यात ज्यांची संधी गेली तेच. त्यांनी पानं आपल्या भावाकडे, रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. रॉबर्टनी उंदरांना अर्क खाऊ घातला, साखरेवर काहीच परिणाम नाही. मग इंजेक्शनने दिला तर उंदीर इन्फेक्शनने मरायला लागले. दुसऱ्या कुणी पेटी बंद करून ठेवली असती, त्यांनी रक्त तपासलं आणि पांढऱ्या पेशी खूप कमी झालेल्या दिसल्या. म्हणजे हा पदार्थ पेशी तयार होणं थांबवतो, आणि ब्लड कॅन्सरमध्ये तर पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात. चार्ल्स बिअर ह्या केमिस्टबरोबर १९५८ पर्यंत त्यांनी त्यातून व्हिन्ब्लास्टिन वेगळं केलं, आणि व्हिन्क्रिस्टिन अमेरिकेत १९६३ मध्ये मंजूर झालं. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून ही द्रव्यं ग्रॅममध्ये मिळतात, इतकी ती कमी असतात.

ते करतं काय? वर बारामतीच्या ताईंना सांगितलं ना की चातीचे तंतू गुणसूत्रं पकडतात, ते तंतू ट्यूब्युलिन नावाच्या प्रोटीनच्या विटा एकमेकींना जोडून बनतात. व्हिन्क्रिस्टिन त्या विटांना चिकटतं आणि जोडणी होऊ देत नाही. चातीच नाही तर गुणसूत्रं पकडणार कोण, मग "थांबा" चा इशारा चालूच राहतो, पेशी तासन्‌तास तशीच अडकून राहते आणि शेवटी बहुतेकदा मरते. औषध पेशीच्याच सावधपणाचा उपयोग करून घेतं.

आता केस. हे औषध कॅन्सरची पेशी कुठली आणि चांगली कुठली हे ओळखत नाही, जी विभाजनात सापडेल ती अडकते, आणि केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरात सगळ्यात भराभर वाढणाऱ्यांपैकी. म्हणून केस जातात. पण मुळाशी राखीव पेशी शिल्लक राहतात, ट्रीटमेंट संपल्यावर केस येतात. हे त्या मुलीला तिच्या भाषेत आधीच सांगायला हवं, उशीवर केस दिसल्यावर नाही. तिला हातापायाला मुंग्या येतील किंवा पोट साफ होणार नाही, तेही ह्याच औषधाचं असू शकतं कारण मज्जातंतूंच्या आतही त्याच ट्यूब्युलिनचे रूळ असतात, त्यावरून माल जातो. अशी तक्रार तिने केली तर नाटक करतेय असं कुणी म्हणू नये, डॉक्टरांना सांगावं. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरच्या एएलएल ह्या प्रकारात हे औषध आजही अगदी पहिल्या महिन्यापासून देतात, इतकं ते कामाचं आहे.

सासऱ्यांना मात्र पानं बंद करायला सांगा. मोठ्या माणसाला थांबवणं अवघड असतं ते मला माहीत आहे, पण कुठल्या पानात काय किती आहे हे घरात कुणालाच कळू शकत नाही. इंजेक्शनमध्ये डोस मिलिग्रॅमच्या हिशोबाने मोजलेला असतो, पानात मोजलेलं काहीच नाही. शिवाय ते शुगरची गोळी घेत असतील आणि डॉक्टरांना पानांचं माहीतच नसेल तर तो वेगळा धोका. पुढच्या व्हिजिटला तुम्ही बरोबर जा आणि तुम्हीच सांगा.

प्रश्न : मेंदूच्या पेशी दोन का होत नाहीत? लिव्हर तर परत वाढतं म्हणतात. (वाचक, मडगाव)

उत्तर : थोडक्यात सांगते. पेशीने आपलं खास काम एकदा पूर्ण अंगावर घेतलं की बऱ्याचदा ती विभाजनाच्या चक्रातून कायमची बाहेर पडते. मेंदूच्या पेशीचे इतके फाटे दूरदूर जोडलेले असतात की ते सगळं सोडून गोल होणं आणि दोन होणं तिला परवडणारं नाही. लिव्हरच्या पेशी चक्राच्या बाहेर बसलेल्या असल्या तरी गरज पडली की परत आत येतात. आणि काही कधी बसतच नाहीत, आतड्याचं आतलं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं, लाल पेशी तर तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत काही कोटी नव्या तयार झाल्या.

प्रश्न : ताई, माझा नातू दोन महिन्यांचा आहे. डॉक्टरांना डाउन सिंड्रोमचा संशय आहे म्हणून कॅरिओटाइपला रक्त घेतलंय, रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतील म्हणाले. एवढे दिवस का? घरात काहीजण म्हणतात सुनेने ग्रहणात भाजी चिरली. ती जेवत नाही नीट. तुम्ही लिहिलंत तर ऐकतील. (आजी, सातारा जिल्हा)

उत्तर : आजी, आधी तुमच्या सुनेसाठी लिहिते आणि हे त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

ग्रहणाचा, भाजीचा, सुरीचा काहीही संबंध नाही. डाउन सिंड्रोममध्ये २१ नंबरचं गुणसूत्र दोनऐवजी तीन असतं, हे १९५९ मध्ये पॅरिसमध्ये कळलं. ते जास्तीचं गुणसूत्र बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होतानाच येतं, म्हणजे गर्भ राहण्याच्याही आधी. आणि स्त्रीबीज तयार होणं कधी सुरू होतं माहीत आहे का, ती स्त्री स्वतः तिच्या आईच्या पोटात असते तेव्हा. तुमची सून जन्मायच्या आधीच तिच्या सगळ्या बीजपेशी अर्ध्या विभाजनावर येऊन थांबल्या होत्या आणि त्यातली एकेक वीस-तीस वर्षांनी पुढे सरकते. इतकी वर्षं गुणसूत्रांना धरून ठेवणाऱ्या त्या बांगड्या तशाच राहतात, नव्या घातल्या जात नाहीत, मग कधी एखादी जोडी नीट सुटत नाही आणि दोन्ही एकाच बाजूला जातात. वय वाढेल तसं हे जास्त होतं पण तरुण आयांच्या बाबतीतही होतं. त्यात कुणी काही केलेलं नसतं आणि कुणाला काही टाळताही आलं नसतं.

आता दिवस का लागतात. गुणसूत्रं मोजायची तर ती विभाजनाच्या मध्यावरच मोजता येतात, एरवी दिसत नाहीत, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी एरवी विभाजन करत नाहीत. म्हणून त्या आधी लॅबमध्ये वाढवतात. त्यांना जागं करायला जे द्रव्य घालतात ते आपल्या राजम्याच्या दाण्यातून काढलेलं असतं, राजम्यात ही ताकद आहे हे १९६० मध्ये पीटर नोवेल यांच्या लक्षात आलं. साधारण ७२ तास पेशी वाढू देतात. मग त्यांना नेमकं मध्यावर थांबवायला कोल्चिसिन किंवा त्याच्याच जवळचं औषध घालतात. कोल्चिसिन असतं कळलावीत, पावसाळ्यात आपल्या सह्याद्रीत कुंपणावर चढलेली असते ना लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी, तीच (अतिशय विषारी आहे, मुलांना हात लावू देऊ नका). तीही चातीचे तंतू बनू देत नाही, सदाफुलीसारखंच. पेशी थांबल्या की त्यांना पातळ द्रावणात फुगवतात म्हणजे गुणसूत्रं एकमेकांपासून सुटी पडतात, मग रंगवून फोटो आणि साधारण वीस पेशींतली गुणसूत्रं एकेक करून मोजतात. माणसाची गुणसूत्रं ४६ आहेत हेसुद्धा ह्याच दोन युक्त्या, थांबवणं आणि फुगवणं, वापरून स्वीडनमध्ये जिओ आणि लेवान यांनी पक्कं केलं, १९५६ मध्ये छापून आलं, त्याआधी तीस वर्षं सगळे ४८ धरून चालले होते. इतकं नाजूक काम आहे ते, म्हणून वेळ.

रिपोर्टमध्ये ४७ आणि पुढे +२१ असं असेल तर संशय खरा. काही पेशी ४६ च्या आणि काही ४७ च्या असं असेल तर त्याला मोझेक म्हणतात, ते थोड्याच मुलांत असतं, त्यात बहुधा गर्भ राहिल्यानंतरच्या साध्या विभाजनात कुठेतरी वाटणी चुकलेली असते. ट्रान्सलोकेशन (एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला) असा शब्द असेल तर पुढच्या बाळाच्या दृष्टीने आई आणि बाबा दोघांचीही रक्ततपासणी डॉक्टर सांगतील, ती करून घ्या.

पण एका गोष्टीसाठी रिपोर्टची वाट बघू नका. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयाचा काही ना काही दोष असतो आणि तो लवकर कळला तर बऱ्याचदा ऑपरेशनने दुरुस्त होतो. ह्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारून बाळाची टूडी इको करून घ्या, थायरॉइड आणि कान तपासायचं कधी तेही विचारा. आणि सुनेला शेजारी बसवून जेवू घाला, दूध पाजतेय ती.